अंधाराला इंग्रजीत काय म्हणतात?



मी गोदीत माल उचलतो. इंग्रजी मॅट्रिकपुरतं. तेवढ्यावर बोलतो.

इंग्रजीत अंधार एक नाही. दिवस कलला की ‘डस्क’. दिवा मिणमिणला की ‘डिम’. गढूळ, धुरकट अंधार तो ‘मर्क’. ‘ग्लूम’मध्ये काळोख आणि खिन्नता दोन्ही. डोळ्यात बोट घातलं तरी दिसू नये तो ‘पिच डार्क’. पिच म्हणजे डांबर, लाकडी जहाजांच्या फटी बुजवायचं. या शब्दाला कामाचा वास आहे.

पण नुसता ‘डार्क’ जपून घ्या. तो माणसाचं माप काढतो. १८७८ साली स्टॅन्लेनं आफ्रिकेला ‘डार्क काँटिनेंट’ म्हणत पुस्तक छापलं. तिथं काय सूर्य उगवत नव्हता? अंधार युरोपच्या नकाशात होता! १८९० साली त्याचं ‘इन डार्केस्ट आफ्रिका’ आलं. त्याच वर्षी साल्व्हेशन आर्मीच्या विल्यम बूथचं ‘इन डार्केस्ट इंग्लंड’. विषय, तिथले भुकेकंगाल. म्हणजे गोरा असून गरीब, तोही डार्क! आणि आदल्याच वर्षी लंडनच्या गोदी कामगारांनी संप करून तासाला सहा पेन्स पदरात पाडून घेतले होते. त्यांना हिशोब लख्ख दिसत होता.

१९६६ साली मिसिसिपीत स्टोकली कारमायकेलनं ‘ब्लॅक पॉवर’ची हाक दिली. ज्या शब्दानं हिणवलं, तोच झेंडा झाला. त्याच साली ओकलंडमध्ये ब्लॅक पँथर उभी राहिली. १९७२ साली मुंबईत दलित पँथरनं नाव घेतलं ते तिथूनच.

तेव्हा कवितेत ‘अंधार’ लिहिताना आधी विचारा, कुठला? आणि तसं म्हणणारा उभा कुठं आहे?