इशारा आणि मत

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



देशाची सुरक्षितता म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर सरहद्द आणि जवान उभे राहतात, आणि ते योग्यच आहे. परंतु अलीकडे कायद्याचे अभ्यासक आणखी दोन गोष्टी या सदरात घालू लागले आहेत : निवडणुकीची शुचिता आणि बदलते हवामान. या दोहोंचा एकमेकींशी काय संबंध, असे आपल्या मनात येईल. त्याचे उत्तर आपल्या शेजारच्या इतिहासात आहे. म्हणून प्रथम तिकडे वळू.

१९७० साली पाकिस्तानात जनरल याह्याखान यांचा लष्करी अंमल होता. सार्वत्रिक निवडणूक ५ ऑक्टोबरला व्हायची होती. पूर्व भागातील महापुरामुळे ती ७ डिसेंबरवर गेली. मध्यंतरी १२ नोव्हेंबरच्या रात्री भोला बेट आणि आसपासचा किनारा चक्रीवादळाने व समुद्राच्या लाटेने धुऊन नेला. मृतांचा आकडा तीन ते पाच लाखांच्या दरम्यान मानला जातो. वादळ येत असल्याची खबर हवामान खात्याला होती. पण बेटांवरील कोळ्यांना आणि शेतकऱ्यांना ती वेळेवर, त्यांना उमगेल अशा शब्दांत मिळाली नाही. मागाहून मदतही संथपणे पोहोचली.

त्यानंतर मतदान झाले. वादळग्रस्त भागात ते १७ जानेवारी १९७१ रोजी घेण्यात आले. शेख मुजीबुर रहमान यांच्या अवामी लीगला ३१३ पैकी १६७ जागा, म्हणजे स्पष्ट बहुमत मिळाले. मोजणी झाली, निकाल लागला. मान्य मात्र झाला नाही. ३ मार्चला भरणारी राष्ट्रीय सभा १ मार्चला बेमुदत पुढे ढकलली गेली आणि २५ मार्चच्या रात्री ढाक्यात लष्कर तुटून पडले. सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले, डिसेंबरमध्ये युद्ध झाले आणि देश दुभंगला.

केवळ एका वादळाने देश फुटला, असे म्हणणे बरोबर होणार नाही. भाषेचा प्रश्न आणि आर्थिक विषमता ही कारणे जुनी होती. परंतु एक गोष्ट ध्यानात घ्या. संकटाचा इशारा राज्यकर्त्यांकडून लोकांकडे येतो आणि मत लोकांकडून राज्यकर्त्यांकडे जाते. पूर्व बंगालमध्ये चार-पाच महिन्यांच्या अवधीत या दोन्ही वाटा बंद झाल्या. अशा वेळी मोठे सैन्यही देश एकत्र ठेवू शकत नाही.

त्याच किनाऱ्याची पुढची हकीकतही ऐका. १९७२ पासून बांगलादेशाने गावोगाव स्वयंसेवक तयार करून इशारा घरोघर पोहोचवण्याची योजना चालवली, निवारे बांधले. २०२० च्या मे महिन्यात अम्फान वादळ आले, तेव्हा वीस लाखांहून अधिक माणसे आधीच हलवण्यात आली आणि त्या देशातील मृतांची संख्या शंभराच्या आत राहिली. वादळ रोखणे माणसाच्या हाती नाही. इशारा पोहोचवणे मात्र आहे.

आणि वादळे आता आपल्याही दारात आली आहेत. समुद्र तापतो आहे, त्याची पातळी चढते आहे, पाऊस थोड्या तासांत धो धो कोसळतो आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. जुलै २०२१ मध्ये चिपळूण आणि महाड पाण्याखाली गेले. २१ मार्च २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण मिळणे हा नागरिकाचा हक्क असल्याचे मान्य केले, ते याच काळात.

मात्र सुरक्षितता हा शब्द दुधारी आहे. जून १९७५ मध्ये ‘अंतर्गत अशांतता’ हे कारण देऊन आपल्या देशात आणीबाणी पुकारली गेली आणि तिच्या आधारे लोकसभेची मुदत दोनदा वाढवण्यात आली. हा अनुभव घेऊन १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने ते शब्द काढले आणि त्या जागी ‘सशस्त्र उठाव’ हे शब्द घातले. त्यामुळे आज पूर किंवा वादळ हे कारण सांगून राष्ट्रीय आणीबाणी पुकारता येत नाही. नैसर्गिक आपत्तीमुळे एखाद्या केंद्रावरचे मतदान तहकूब करण्याची सोय १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात आहे. पण दुसरा दिवस ठरवून ते घ्यावेच लागते. संकटात मत लांबणीवर पडू शकते, बुडू शकत नाही, हा आपल्या कायद्याचा दंडक आहे. संकटे वाढतील तसा त्याच्यावर ताण येईल. तेव्हा तो टिकवायचा असेल, तर तो आपल्याला ठाऊक हवा.

पालकहो, आता आपल्या घरापुरते बोलतो. पुराचे पाणी घरात शिरते तेव्हा धान्याबरोबर कागदही जातात. आसामात ब्रह्मपुत्रेच्या चरांवर राहणाऱ्यांची जमीन नदी गिळते, आणि मग आपण इथलेच, हे दाखवताना त्यांची किती ओढाताण होते, हे आपण वाचले असेल. म्हणून जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, घराचा उतारा यांच्या प्रती दोन ठिकाणी ठेवा. आपत्तीमुळे काही दिवस दुसरीकडे राहावे लागले, तरी तेवढ्याने मतदारयादीतील आपला हक्क जात नाही, असे १९५० चा कायदा सांगतो. मतदानाच्या दिवशी नाव सापडले नाही म्हणून हळहळण्यापेक्षा प्रारूप यादी लागते तेव्हाच ती वाचा. घरातील सुनेचे, परगावी शिकणाऱ्या मुलाचे, वृद्ध आईचे नाव बोट ठेवून पाहा.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्याकडे आमच्यापेक्षा अधिक शिक्षण आहे. त्याचा पहिला उपयोग मोहल्ल्यात होऊ द्या. हवामान खात्याचा इशारा आला की तो वाडीतल्या शेवटच्या घरापर्यंत, ज्या आजीला वाचता येत नाही तिच्यापर्यंत, तिच्या बोलीत पोहोचवा. मग ते घर कोणत्याही जातीधर्माचे असो. अठरा वर्षे पूर्ण झाली की नाव नोंदवा. मत ही अमानत आहे. ते विकू नका, आणि ऐकीव अफवेवर देऊही नका. दुसऱ्याचे मत हीही अमानतच. ज्याचे नाव वगळले गेले त्याचा अर्ज लिहून द्यायला बसा, तो आपल्या पसंतीच्या उमेदवाराला मत देणार नसला तरीही.