परसातील अडुळसा आणि चरकांची चतुर्विध परीक्षा



पेनिसिलिनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ सालच्या नोबेल व्याख्यानातच इशारा दिला होता की, अपुऱ्या मात्रेने जंतू मरत नाहीत, ते औषधाला सरावतात. आज तो इशारा खरा ठरला आहे. साधी सर्दी विषाणूंमुळे होते. तिच्यावर प्रतिजैविके निरुपयोगी असतात, तरीही ती सर्रास घेतली जातात. अशा वेळी परसातील तुळस, सुंठ, ज्येष्ठमध यांचा काढा घशाला आराम देतो. अडुळशातील व्हॅसिसिन या द्रव्याच्या आधारेच आधुनिक रसायनशास्त्राने कफ पातळ करणारे ब्रोमहेक्सिन घडविले. जखमेवरील हळदीच्या उपयोगाचे अमेरिकेतील पेटंट १९९७ साली रद्द झाले, ते डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील सीएसआयआरने लेखी पुरावे सादर केले म्हणून. केवळ अभिमानाने नव्हे.

मात्र न्यूमोनिया किंवा विषमज्वरात काढ्यावर विसंबणे म्हणजे रुग्णाच्या प्राणांशी खेळ होय. तेथे डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिजैविक घ्यावे आणि ते सांगितलेल्या मुदतीपर्यंत घ्यावे. चरकांनी आप्तोपदेशाबरोबरच प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ती अशी चतुर्विध परीक्षा सांगितली. आपल्या वनौषधींना त्या कसोटीवर उतरविणे, हाच चरकांचा खरा वारसा होय.