परीस नव्हे, कसोटी



गेल्या महिन्यात एका अनुवादाचे हस्तलिखित माझ्याकडे तपासायला आले. मूळ इंग्रजीत 'कल्चरल टचस्टोन' असे शब्द होते. अनुवादकाने लिहिले होते, 'ही कादंबरी त्या समाजाचा सांस्कृतिक परीस आहे.' वाक्य कानाला गोड लागते, पण अर्थ पार बदलला. परीस लोखंडाचे सोने करतो. टचस्टोन कशाचेही काही करत नाही. समोरचे सोने किती खरे, तेवढे दाखवतो.

टचस्टोन म्हणजे सराफाचा कसाचा दगड. लहानपणी आईबरोबर तिची पाटली मोडायला गेलो होतो. सराफाने काळाभोर, गुळगुळीत दगड काढला आणि पाटलीची कड त्यावर घासली. पिवळी रेघ उमटली. मग जुडग्यातली एक सळई घेतली, तिच्या टोकाला ठरलेल्या कसाचे सोने होते. तिची रेघ शेजारी ओढली आणि दोन्हींवर ॲसिड फिरवले. सळईची रेघ तशीच राहिली, आईची फिकी पडली. आई काही बोलली नाही. मी मात्र ती शेजारची रेघ विसरलो नाही. नुसता दगड पुरत नाही. ज्याचा कस आधीच ठाऊक आहे असे सोने बाजूला लागते.

आपल्या भाषेला हे जुनेच ठाऊक आहे. कसास उतरणे, कस लागणे, बावनकशी हे सगळे त्याच पेढीवरचे. सरकारी परिपत्रकांत रोज भेटणारा 'निकष' हे तर मुळात या दगडाचेच संस्कृत नाव.

इंग्रजी समीक्षेत ही उपमा रुजवली मॅथ्यू आर्नल्डने, 1880 सालच्या 'द स्टडी ऑफ पोएट्री' या निबंधात. होमर, दान्ते, शेक्सपिअर, मिल्टन यांच्या थोड्या ओळी मनात पक्क्या ठेवा आणि दुसरी कविता त्यांच्याशेजारी धरून पाहा, असे तो सांगतो. दगड आणि सळई, दोन्हींचे काम त्याने त्या ओळींवर सोपवले. मला ही पद्धत आजही मोलाची वाटते.

अलीकडे इंग्रजीत हा शब्द सैल झाला आहे. सगळ्यांनी पाहिलेली मालिका, सगळ्यांना पाठ असलेले गाणे, काहीही 'टचस्टोन' ठरते. तो वापर आता रूढ आहे, हे मान्य करावे लागते. पण मराठीत आणताना दोन अर्थ वेगळे ठेवावेत, असा माझा आग्रह आहे. लग्नघरात धावपळ करणाऱ्या माणसाला आपण 'नारायण' म्हणतो आणि ज्या पुस्तकातून हे नाव आले ते 'व्यक्ति आणि वल्ली' न वाचलेल्यालाही ते कळते. हा आपला सामाईक संदर्भ. त्यावर कोणी काही घासून पाहत नाही. 'नटसम्राट' नाटकातला, 1970 साली डॉ. श्रीराम लागूंनी उभा केलेला बेलवलकर मात्र कसोटी आहे. पुढे ज्याने ज्याने ती भूमिका केली, त्याची रेघ प्रेक्षकांनी त्या रेघेशेजारी ओढून पाहिली.

त्या हस्तलिखिताचे सांगायचे राहिले. मी अनुवादकाला विचारले, 'या कादंबरीशेजारी मूळ लेखक दुसरे काय घासून पाहतो?' आम्ही दोघांनी ते प्रकरण पुन्हा वाचले. तसे काहीच नव्हते. मग 'परीस' खोडला, 'कसोटी'ही लिहिली नाही. 'तिथल्या घराघरांत ठाऊक असलेली कादंबरी' एवढेच ठेवले.