माशीचं नाव काय?

(मंडळाच्या कार्यक्रमात केलेलं भाषण)



उद्यान खात्यातल्या माणसाने काहीतरी उपयोगाचं बोलावं, अशी मंडळाची आज्ञा झाली. आम्ही पडलो डिप्लोमावाले, बागांतून फिरणारे. व्याख्यानाची सवय नाही. म्हणून विषय रोजच्या कामातलाच घेतला आहे: फळमाशी.

परवा आरतीनंतर प्रसादासाठी पेरू चिरले. इंदूरच्या भाषेत जाम. एकात पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. एक काकू म्हणाल्या, "वरून तर फळ चांगलं होतं, मग या आत शिरल्या कुठून?" काकू, त्या बाहेरून शिरल्याच नाहीत. माशीची मादी सुईसारख्या नळीने सालीखाली अंडी घालते. दोन-तीन दिवसांत अळ्या निघतात, आठवडाभर गर खातात. फळ गळून पडतं, अळी मातीत जाऊन कोश करते आणि साधारण दहा-बारा दिवसांत नवी माशी उडते. पावसाळी जामाला हिचा त्रास सगळ्यात जास्त, म्हणजे नेमका गणपतीच्या दिवसांत.

नोकरीच्या सुरुवातीला आमच्या हातून एक चूक झाली, ती आज तुमच्यासमोर कबूल करतो. सांवेरकडच्या एका काकांची जामाची बाग होती. फळं सडत होती. आम्ही माशी पकडायचे सापळे टांगले. आठ दिवसांनी पाहिलं तर सापळे रिकामे. "काका, तुमच्याकडे माशी नाही," असं ठणकावून सांगून आम्ही मोकळे झालो. काकांचा तो बहार गेला. नंतर लक्षात आलं, सापळ्यात आम्ही ठेवलं होतं ते आमिष काकडी-कारल्यावरच्या माशीचं. जामावरची माशी त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. दोन्ही फळमाश्याच, पण जात वेगळी. नाव चुकलं, म्हणून औषध चुकलं. काका काही बोलले नाहीत. त्यांनी चहा पाजला, त्याचंच आम्हाला जास्त लागलं.

तेव्हापासून माशीला नाव कसं देतात याचं कुतूहल लागलं. नवी जात सापडली की तिचा एक नमुना टाचणीला लावतात. कुठे, कधी, कोणी पकडला याची चिठ्ठी खाली जोडतात आणि तो संग्रहालयात कायमचा ठेवतात. पंखांवरच्या रेषा, पाठीवरचे पिवळे पट्टे, पायांचा रंग, मादीच्या नळीची लांबी, सगळ्याचं मापांसह वर्णन छापून प्रसिद्ध करतात. मगच ते नाव जगात चालतं.

आपल्या आंब्या-पेरूवरच्या प्रमुख माशीचं नाव बॅक्ट्रोसेरा डोर्सालिस. हेंडेल नावाच्या कीटकशास्त्रज्ञाने 1912 साली तैवानच्या नमुन्यांवरून तिचं वर्णन केलं. पुढे 2003 साली आफ्रिकेत, केनियामध्ये आंब्यावर एक अनोळखी माशी दिसली. ती श्रीलंकेतही सापडली. पाठीचा रंग कुठे काळा, कुठे तांबूस. 2005 मध्ये तीन शास्त्रज्ञांनी तिला नवी जात ठरवून नाव दिलं, बॅक्ट्रोसेरा इन्व्हेडन्स, म्हणजे आक्रमण करणारी. आफ्रिकेत ती देशामागून देश पसरत गेली. नाव नवं, म्हणून भीतीही नवी. आफ्रिकेतल्या फळांना काही बाजारपेठा बंद झाल्या.

मग अनेक देशांतल्या शास्त्रज्ञांनी ताळा घेतला. दोन्हींचे नर-मादी एकत्र ठेवले तर पिल्लं धडधाकट होतात. गुणसूत्रं जुळतात, गंधही जुळतो. वीस वर्षांचा अभ्यास मांडून 2015 साली त्यांनी जाहीर केलं की ही दोन नव्हेत, एकच माशी आहे. शास्त्रात जुन्या नावाचा मान पहिला, म्हणून 1912 चं नाव राहिलं आणि 2005 चं गेलं. आपल्या काळ्यांचं सरकारी कागदावर 'काले' होतं. माणूस तोच असतो, पण बँकेत अडतं. तसंच हे.

काकांच्या बागेतल्या आमिषाचं मूळही आपल्याच देशात आहे. बिहारमधल्या पुसा इथे हॉवलेट नावाचे कीटकशास्त्रज्ञ होते. त्यांच्या शेजाऱ्याने डास पळावेत म्हणून सिट्रोनेला तेल वापरलं, तर फळमाश्याच गोळा झाल्या! हॉवलेट यांनी 1912 साली हे लिहिलं आणि 1915 पर्यंत माश्यांना ओढणारं द्रव्य मिथिल युजेनॉल हे शोधून काढलं. हे द्रव्य आपल्या तुळशीतही असतं. याला फक्त नर भुलतात. नर सापडले की मादीची अंडी फळत नाहीत. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने याच तत्त्वावर 'रक्षक' सापळा तयार केला.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्याशा माशीचं एवढं काय? 1 मे 2014 रोजी युरोपीय संघाने भारतातल्या आंब्यावर आणि वांगी, अळू, कारली, पडवळ यांच्यावर बंदी घातली. कारणांत फळमाशी होती. ऐन हंगामात हापूसची पेटी अडली. आंब्यावरची बंदी 2015 च्या सुरुवातीला उठली. जपानने तर माशीच्या भीतीने आपला आंबा वीस वर्षं, 2006 पर्यंत, घेतला नव्हता.

शेवटी एक विनंती. अन्नपूर्णा भागात जुन्या घरांच्या अंगणात अजून जाम आणि आंबा उभा आहे. खाली पडलेली फळं तिथेच सडू देऊ नका, उघड्या कचऱ्यातही टाकू नका. दोन फूट खड्ड्यात पुरा किंवा घट्ट बांधलेल्या पिशवीत चार दिवस उन्हात ठेवा. सापळा लावायचा असेल तर आधी विचारा, "माशी कुठली?" आम्ही येऊन बघू. यावेळी नाव नीट विचारून आमिष लावू.

त्या काकांच्या बागेत पुढच्या बहाराला आम्ही योग्य आमिष घेऊन गेलो. सकाळी टांगलेला सापळा संध्याकाळपर्यंत माश्यांनी काळा झाला होता. काकांनी तो हलवून पाहिला आणि एवढंच म्हणाले, "होती म्हणायची."

गणपती बाप्पा मोरया!