आशाताईंसाठी, कामावरच्या अपघाताची मदत



शहाद्याजवळच्या लोणखेड्यात,
आपल्या दारी आशाताई, म्हणजे गावची आरोग्य स्वयंसेविका, येते.
ऊन असो, पाऊस असो.
वाटेत तिला अपघात झाला तर?

ऐका.
महाराष्ट्र सरकारने 2024 मध्ये निर्णय घेतला.
काम करताना अपघाती मृत्यू झाला,
तर वारसांना 10 लाख रुपये.
कायमचं अपंगत्व आलं,
तर 5 लाख रुपये.
आशाताईंचं काम पाहणाऱ्या गटप्रवर्तक ताईंनाही हीच मदत.

पुन्हा सांगते.
मृत्यू झाल्यास 10 लाख.
कायमचं अपंगत्व आल्यास 5 लाख.

ताई, अपघात झाला,
तर आरोग्य केंद्रात लगेच कळवा.
लेखी कळवा.
दवाखान्याचे कागद जपून ठेवा.

रुग्णांची सेवा करताना आजारही जडतो.
त्यासाठीही अशी भक्कम मदत हवी,
असं मला मनापासून वाटतं.

तुमच्या गल्लीतल्या आशाताईला ही माहिती आजच सांगा.