सात-बारा बापाच्या नावावर

(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



भाव, वीजबिल यांवर सकाळपासून पुष्कळ बोलून झाले. मी घरातली गोष्ट बोलणार आहे. काहींना झोंबेल.

अमेरिकेत अँड्र्यू कार्नेगी नावाचा पोलादवाला होऊन गेला. बाप स्कॉटलंडातला विणकर. वाफेचे माग आले, हातमाग बुडाला, १८४८ साली घरदार अमेरिकेला गेले. पोरगा १३ वर्षांचा कापडगिरणीत लागला, आठवड्याला १ डॉलर २० सेंटवर. १९०१ साली त्याने कारखाने विकले ते ४८ कोटी डॉलरना. हा माणूस म्हणे, पोरांना अफाट पैसा ठेवून जाणे म्हणजे त्यांची उमेद मारणे. बहुतेक पैसा त्याने जिवंतपणीच वाटला. (त्याच्याच होमस्टेडच्या कारखान्यात १८९२ साली मजुरांचा संप चिरडला गेला, हेही ध्यानात ठेवा. गरिबीचे गुण गाणे श्रीमंताला सोपे.)

आपल्याकडे कुठले कोट्यवधी? पाच एकर कोरडवाहू, वर सोसायटीचे कर्ज. तरी उमेद मरतेच. पैसा फार म्हणून नव्हे. सात-बारा बापाच्या नावावर म्हणून. पोरगा ३५ वर्षांचा, दोन लेकरांचा बाप. वखर तो हाकतो, फवारणी तो करतो. पण पीककर्ज त्याच्या नावाने निघत नाही. कपाशी की ज्वारी, ते तो ठरवत नाही. कापसाची पट्टी बापाच्या हातात. चपलेला पैसे हवे तर आईमार्फत मागायचे. "पुढे तुझेच आहे," हे ऐकता ऐकता केस पिकतात. दुसरा धंदा करतो म्हटले तर, "घरची जमीन असून लोकांच्या दारात जाणार?" जमीन पोसत नाही आणि सोडतही नाही.

मुलीचा हिस्सा महाराष्ट्रात १९९४ पासून कायद्यात आहे, देशभर २००५ पासून. हक्कसोडपत्रावर सही घेऊन आपण तो साडीचोळीत कसा भागवतो, ते या बहिणींनाच विचारा.

मीही हेच केले. मुलगा नऊ वर्षे माझ्याकडे सालदारासारखा राबला. सालदाराचे साल तरी ठरलेले असते. शेवटी तहसीलदारापुढे वाटणी केली. चार एकर मुलाच्या नावावर, चार मुलीच्या. पहिल्याच हंगामात मी कपाशी म्हणालो, त्याने ज्वारी पेरली. पाखरांनी नेली. कर्ज त्याच्या नावावर आहे, तोच फेडतो आहे. यंदा काय पेरणार, ते त्याने मला अजून सांगितलेले नाही.