वीतभर काठ

श्रोतेहो, सहलीच्या बोटीत बसायला गेलं की सगळ्यांना एकच जागा हवी असते. पुढची. तोंडावर वारा येतो, समोर मोकळं पाणी दिसतं, फोटो चांगले निघतात. मुलं तर धक्क्यावरूनच पुढच्या जागेसाठी भांडत येतात. बोटी बांधणाऱ्या कारखान्यांनी ही हौस केव्हाच ओळखली. अमेरिकेतल्या तलावांवर ‘बोरायडर’ नावाची बोट फार चालते. साधारण अठरा ते चोवीस फूट लांबीची. तिच्या काचेच्या पुढे, अगदी नाकापर्यंत, बसायला मऊ बाकं केलेली असतात. जुन्या घडणीच्या बोटीत ही जागा वरून झाकलेली असे. लाट आलीच, तर त्या झाकणावरून घरंगळून बाजूला जाई. आता तिथं उघडा खळगा आहे आणि खळग्यात माणसं बसली आहेत. चढायला-उतरायला, पाण्यात उडी मारायला सोपं जावं म्हणून पुढचा काठही पुष्कळदा ठेंगणा ठेवलेला असतो.

आज मला बोलायचं आहे ते या ठेंगण्या काठाबद्दल.

काठ हा शब्द आपण नदीला वापरतो, लुगड्याला वापरतो आणि भांड्यालाही. बोटीचा काठ भांड्याच्या जातीचा. भांड्यात पाणी आत राखायचं असतं, बोटीत बाहेर, एवढाच फरक. पाण्याच्या पातळीपासून काठापर्यंत जेवढी उंची, तेवढीच आपली शिल्लक. त्या शिल्लकेतून प्रत्येक माणूस, प्रत्येक पिशवी, बर्फाची प्रत्येक पेटी थोडं थोडं खात असते. चार-पाच जाडजूड माणसं पुढे जाऊन बसली, की बोट मागे जराशी उचलली जाते आणि पुढे खाली जाते. स्थिर पाण्यात हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

आमच्या कोकण किनाऱ्यावर बोटीच्या पुढच्या टोकाला ‘नाळ’ म्हणतात. नाळ म्हटलं की आपल्याला आईची नाळ आठवते. खलाशांच्या बोलीत ती बोटीचं नाक. मी ज्या खाडीकाठच्या मुसलमान मोहल्ल्यात वाढलो, तिथं घराघरात कुणी खलाशी होतं, कुणी तांडेल. मचव्याची नाळ पुढे झुकलेली, वर उचललेली आणि धारदार असे. ती शोभेसाठी नव्हती. समोरून येणारी लाट फाडायची, आणि फाडता नाही आली तर तिच्यावर चढायचं, यासाठी ती होती. उलट काश्मीरचा शिकारा पाहा. पाण्याला टेकलेला, हात बाहेर काढला की बोटं भिजावीत असा. दल सरोवराच्या शांत पाण्यासाठी तो अगदी योग्य आहे. शिकारा घेऊन कुणी समुद्रात जात नाही. जसं पाणी तशी नाव, हे शहाणपण जुनं आहे. घोटाळा होतो तो शांत पाण्याची नाव उसळत्या पाण्यात सापडली की.

हे नेमकं कसं घडतं, ते पाहू. बोट वेगात असते तेव्हा पुढचा भाग पाण्याबाहेर उचललेला असतो. पुढे बसलेल्यांना वाटतं, आपण किती उंचावर आहोत! मग समोर लाटा दिसतात. चालवणारा घाबरून एकदम वेग तोडतो. वेग तुटला की नाळ दाणकन खाली येते. आधीच्या लाटेवरून घसरलेली बोट पुढच्या लाटेच्या पोटात नाक खुपसते. त्याच वेळी स्वतःच्या इंजिनानं उठवलेली लाट मागून येऊन तिला पुढे ढकलते. पाणी काठावरून आत येतं.

किती येतं? तीनशे लिटर पाणी एका लाटेत आत आलं असं धरू. उघड्या पुढच्या भागाला ही काही फार मोठी गोष्ट नाही. एक लिटर म्हणजे एक किलो. म्हणजे एका क्षणात चार-पाच मोठी माणसं बोटीच्या पुढच्या टोकावर येऊन बसली. शिवाय ही माणसं एका जागी बसत नाहीत. बोट कलेल तिकडे सगळी धावतात. पुढच्या लाटेला काठ आणखी खाली सापडतो. लहान बोटीतला पाणी उपसायचा पंप, समजा, तासाला ५०० गॅलनचा आहे. मिनिटाला साधारण ३२ लिटर. तीनशे लिटर काढायला त्याला नऊ-दहा मिनिटं लागतील. दुसरी लाट मात्र तीन-चार सेकंदांत येते.

समुद्रापेक्षा तलाव बरा, असं आपल्याला वाटतं. लहान बोटीसाठी ते नेहमी खरं नाही. समुद्रात दुरून येणारी लाट लांब असते. लहान बोट तिच्यावर चढते आणि उतरते. धरणाच्या पाण्यावर वारा सुटला की लाटा आखूड, उभ्या आणि एकमेकींना चिकटून येतात. एकीवरून उतरून नाक वर काढावं, तोवर दुसरी हजर.

१९ जुलै २०१८ रोजी अमेरिकेत मिसूरी राज्यातल्या ब्रॅन्सन गावाजवळ, टेबल रॉक तलावात जे घडलं, त्याची सविस्तर सरकारी चौकशी झाली आहे. ती बोट बोरायडर नव्हती. दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी बनवलेल्या, रस्त्यावर चाकांनी आणि पाण्यात पंख्यानं चालणाऱ्या वाहनाची ती सहलीसाठी केलेली आवृत्ती होती. लोक तिला ‘डक’, म्हणजे बदक म्हणतात. पण तिचाही काठ ठेंगणाच. संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला वादळाचा इशारा आला. वादळ यायच्या आत पाण्यातली फेरी उरकावी म्हणून नेहमीचा क्रम बदलून बोट आधी पाण्यात उतरवली. ती उतरली तेव्हा पाणी शांत होतं. काही मिनिटांत ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाचा वारा आला आणि तीन ते पाच फुटांच्या लाटा उठल्या. बोटीच्या पुढच्या भागावर इंजिनाला हवा मिळावी म्हणून एक झडप होती. लाटांनी ती उघडली आणि पाणी थेट आत गेलं. बोटीत ३१ जण होते. १७ गेले, त्यातले ९ एकाच कुटुंबातले. लाइफ जॅकेट बोटीतच होती, पण कुणी घातलेली नव्हती. डोक्यावरच्या छतामुळे बाहेर पडणं आणखी कठीण झालं.

याच्या एकोणीस वर्षं आधी, १ मे १९९९ रोजी, आर्कान्सा राज्यातल्या लेक हॅमिल्टनमध्ये अशीच एक ‘डक’ बुडून १३ जण गेले होते. तिथं कारण वेगळं होतं. यंत्राच्या दांड्याजवळून पाणी शिरलं. पण पाणी भरलं तरी बोट तरंगत राहील अशी सोय करा, छत काढा, असं चौकशी करणाऱ्यांनी तेव्हाच सांगून ठेवलं होतं. तसा कायदा व्हायला २०२२ साल संपत आलं.

श्रोतेहो, हे दूरचं वाटत असेल तर आपल्या उजनीकडे या. २१ मे २०२४ रोजी संध्याकाळी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे एक बोट निघाली. ती सहलीची नव्हती, रोजच्या ये-जा करणाऱ्यांची होती. मध्येच वादळी वारा सुटला, लाटा उठल्या आणि बोट उलटली. सातांपैकी एक जण पोहून काठाला लागला. सहा जण गेले. त्यांत दोन लहान मुलं होती. पावसाळ्यात आपण किनाऱ्यावरच्या बोटी बंद ठेवतो, पण हा महिना मे होता. वळवाचा वारा पंचांग पाहून येत नाही.

या दोन्ही ठिकाणांहून मला एकच गोष्ट कळते. ठेंगण्या काठाच्या बोटीत निर्णय घ्यायची जागा पाण्यावर नसते. लाट आत आल्यावर विचार करायला वेळ उरत नाही. निर्णय धक्क्यावर घ्यायचा असतो, पाणी शांत असताना, आणि म्हणूनच तो जड जातो. पैसे भरलेले असतात, मुलं हट्ट करत असतात, समोर पाणी आरशासारखं असतं.

तरीही सापडलातच, तर काय करायचं? पुढच्या सगळ्यांना ताबडतोब मध्यभागी आणि मागे आणायचं, एकेकाला, खाली वाकून, गर्दी न करता. वेग हळूहळू कमी करायचा, पण इंजिन बंद करायचं नाही. बोट सुकाणूचं ऐकेल एवढा वेग हवा. लाट थोडी तिरकी घ्यायची, बोट आडवी होऊ द्यायची नाही. नांगर नेहमी पुढून टाकायचा. २००९च्या फेब्रुवारीत फ्लोरिडाजवळच्या समुद्रात चार मित्रांच्या २१ फुटी बोटीचा नांगर अडकला. तो मागच्या बाजूला बांधून इंजिनाच्या जोरावर ओढताना बोट उलटली. चौघांतला एकच वाचला, तोही उलटलेल्या बोटीला धरून राहिला म्हणून. बोट भरली तरी तिला सोडून पोहत निघायचं नाही, हेही त्यातून शिकावं.

आणि लाइफ जॅकेट. अमेरिकेच्या तटरक्षक दलाच्या २०२३च्या आकडेवारीनुसार सहलीच्या बोटींच्या अपघातांत ५६४ जण गेले. मृत्यूचं कारण कळलेल्यांपैकी तीन-चतुर्थांश बुडून गेले, आणि बुडालेल्यांपैकी ८७ टक्के लोकांनी जॅकेट घातलेलं नव्हतं. जॅकेट बाकाखाली असणं आणि अंगावर असणं यांत एवढं अंतर आहे.

युरोपात सहलीच्या बोटीवर अक्षर लिहिलेलं असतं. ‘डी’ असेल तर ती साधारण ३० सेंटीमीटरच्या, अधूनमधून ५० सेंटीमीटरच्या लाटांपुरती. म्हणजे दीड वीत, फार तर दोन. आपल्याकडे असं अक्षर दिसलं नाही, तरी प्रश्न विचारता येतो. पुढच्या वेळी धक्क्यावर उभे असाल तेव्हा बोट भरेपर्यंत थांबा आणि पुढचा काठ पाण्यापासून किती वर राहिला, ते पाहा. वीतभर असेल आणि आभाळ एका बाजूनं काळवंडलं असेल, तर नावाड्याला नम्रपणे सांगा, “मामा, आम्ही दुसऱ्या फेरीला येऊ.” मुलं थोडा वेळ रुसतील. त्यांना भुईमुगाच्या शेंगा घेऊन द्या आणि काठावर बसवा.